पवना जलाशय परिसरातील डोंगरवाटांचे नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण बऱ्याच वर्षांपासून रविवारी नकाशावाचनाचे छोटे वर्ग घेतो आणि त्यांतला प्रत्यक्ष चालण्याचा भाग बहुतेक वेळा पवना जलाशयाच्या आसपास करतो. वर्गात, आणि वर्ग संपल्यावर फोनवर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी झालेली चूक जिवावर बेतू शकते.

या उत्तरांत नेमका कोणता परिसर धरला आहे?

मावळ तालुक्यात पवना नदीवर बांधलेले मातीचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि पवन मावळाच्या खोऱ्यात हा तलाव उभा राहिला. तलावाच्या उत्तरेला लोहगड आणि विसापूर, आग्नेयेला तिकोना आणि नैऋत्येला तुंग हे किल्ले आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. घाटमाथ्यावरून खाली उतरणाऱ्या वाटांवर या चौघांची नजर होती आणि आजही एकावरून बाकीचे तिन्ही दिसतात, त्यामुळे नकाशा हातात घेऊन दिशा शिकायला याहून चांगली जागा पुण्याजवळ आम्हाला सापडलेली नाही. पूर्वेची हद्द पवनानगर, उत्तरेची मळवली आणि कामशेत ही रेल्वे स्थानके, पश्चिमेची घुसळखांब फाटा आणि दक्षिणेची मुळशीकडे उतरणारी डोंगररांग अशी धरली आहे. त्या रांगेचे एक वैशिष्ट्य नकाशावर बोट फिरवून पाहण्यासारखे आहे. रांगेच्या अलीकडचे पवनेचे पाणी पूर्वेला पिंपरी-चिंचवडकडे जाते, तर पलीकडच्या मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात उतरवले जाते.

या भागासाठी कोणता नकाशा घ्यावा?

सर्वांत आधी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे चालणारे लोक ज्याला टोपोशीट म्हणतात तो, मिळवावा. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर होतो आणि दोन समोच्च रेषांमधले, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटर असते. जुन्या क्रमांकानुसार हा सगळा प्रदेश ४७ एफ या गटात येतो. मात्र ७३ अंश ३० मिनिटे पूर्व ही रेखांशाची रेषा धरणाच्या जवळूनच जाते आणि तिथेच एक पत्रक संपून दुसरे सुरू होते. लोहगड आणि तुंग ४७ एफ/६ वर आहेत, तर तिकोना ४७ एफ/१० वर आहे. वर्गाला येणाऱ्या अनेकांकडे एकच पत्रक असते आणि ते तिकोना शोधत बसतात. दोन्ही पत्रके घ्यावीत, समासाची पांढरी पट्टी कापावी आणि मागून चिकटपट्टी लावून ती जोडावीत.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळी मुक्त मालिका निघाली असून तिचे क्रमांक जुन्या क्रमांकांहून वेगळे आहेत. २०१७ पासून सर्वेक्षण विभागाने नागरिकांना हे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय केली. विभागाचे कार्यालय पुण्यातही आहे, त्यामुळे छापील प्रतीची चौकशी शहरातच करता येते. उतरवलेला नकाशा घरच्या छपाईयंत्रावर छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर नकाशा नकळत लहान होतो आणि दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हे गणित बिघडते. छापून झाल्यावर कडेची प्रमाणरेषा पट्टीने मोजून पाहणे ही एका मिनिटाची तपासणी आहे आणि ती आम्ही कधीही टाळत नाही.

नकाशावरचे रंग आणि खुणा वाचताना कुठे चूक होते?

ओढ्यांच्या बाबतीत सर्वाधिक होते. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेने दाखवलेले असतात, आणि नवखा माणूस काळी रेघ पाहून तिला वाट समजतो. पायवाट लाल तुटक रेघेने दाखवतात. तलावाभोवतीच्या डोंगरउतारांवरचे बहुतेक ओढे काळ्या रेघेचेच आहेत, याचा अर्थ दिवाळीनंतर काही आठवड्यांत त्यांत पाणी उरणार नाही. पिण्याच्या पाण्याचा हिशोब करताना हे लक्षात घ्यावे लागते. किल्ल्यांवरची टाकी नकाशावर असली तरी त्यांतले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, ते पायथ्याच्या गावातच विचारावे.

माझ्याकडे घरातला जुना नकाशा आहे, त्यात तलावच नाही. तो टाकून द्यावा का?

कृपया टाकू नका. धरण होण्यापूर्वी सर्वेक्षण झालेल्या पत्रकावर पवनेचे पात्र, त्याच्या दोन्ही काठांची गावे, शेते आणि गावाला गाव जोडणाऱ्या वाटा जशा होत्या तशा दिसतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेल्या १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांतही हेच चित्र आहे. त्यांत शेजारचे मुळशी आणि वळवण हे टाटांचे तलाव आहेत, कारण ते आधीचे आहेत, पण पवना तलाव नाही. आजच्या नकाशावर काही वाटा डोंगरावरून उतरतात आणि सरळ पाण्यात जाऊन संपतात. अशी रेघ पाहून छपाईची चूक झाली असे वाटते, परंतु जुना नकाशा शेजारी ठेवला की ती वाट पलीकडच्या काठावर पुन्हा वर येताना दिसते आणि मधले गाव कुठे होते तेही कळते. ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. जुना नकाशा सोबत घेऊन गावातल्या वयस्कर माणसांशी बोलायला बसलात, तर ती माणसे बोट ठेवून घरांच्या जागा दाखवतात. आम्हाला या परिसराची जितकी माहिती अशा बैठकांत मिळाली, तितकी दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळाली नाही.

एक व्यावहारिक सूचना मात्र आहे. जुन्या पत्रकांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या जुन्या आधारपृष्ठावर, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या पृथ्वीच्या गणिती आकारावर, मोजलेले आहेत, तर मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ हे आधारपृष्ठ वापरतो. पुण्याच्या आसपास या दोघांत शंभर मीटरच्या आगेमागे फरक पडतो. सपाट शेतात शंभर मीटरने काही बिघडत नाही, कड्याच्या टोकाशी बिघडते.

नकाशावरचा किनारा आणि प्रत्यक्षातला किनारा इतका वेगळा का दिसतो?

नकाशावर तलावाची जी निळी कड छापलेली असते, ती साधारणपणे धरण पूर्ण भरलेले असतानाची असते. पवना धरण मुख्यतः पिंपरी-चिंचवड शहराची तहान भागवते. पाणी नदीत सोडले जाते आणि रावेतजवळ उचलले जाते. पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरलेला तलाव त्यानंतर महिन्यामहिन्याने उतरत जातो आणि मे अखेर पाण्याची कड मूळ रेषेपासून कितीतरी आत गेलेली असते. उतार जिथे सौम्य आहे तिथे ही माघार जास्त दिसते आणि जिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो तिथे जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे नकाशावर समोच्च रेषा विरळ असलेला काठ शोधला, तर उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन कुठे असेल याचा अंदाज घरबसल्या येतो.

याच उघड्या पडणाऱ्या भागात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की बाहेर येते. त्या दिवसांत तिथे गेलात तर दगडांवर सुकलेल्या गाळाचा राखाडी थर बोटाला लागतो, आणि आजूबाजूची जमीन उन्हाने भेगाळून तिच्या खपल्या वर वळलेल्या दिसतात. मोबाइलच्या नकाशावर त्या वेळी आपला निळा ठिपका पाण्याच्या मध्यभागी उभा असतो. वर्गातल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम दाखवतो, कारण नकाशा कोणत्या महिन्यातल्या पाण्याचा आहे हे विचारण्याची सवय त्यांना तिथे लागते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वरून कोरडा आणि भेगाळलेला दिसणारा गाळ पाण्याच्या कडेजवळ खालून ओला असतो, आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो. पाण्याच्या अगदी कडेने जाणारी ‘उन्हाळी वाट’ कोणत्याही नकाशावर नाही आणि ती कोणी आखूही नये.

मोबाइलमधला नकाशा पुरेसा नाही का?

चांगल्या दिवशी, भरलेल्या बॅटरीसह आणि नकाशा आधी उतरवून ठेवलेला असेल तर बऱ्याच अंशी पुरतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे, आणि त्यावर चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांसारखी अॅप्स नेटवर्क नसतानाही चालतात. मोटारींसाठी बनवलेल्या नकाशांत पायवाटा क्वचितच असतात. ओपनस्ट्रीटमॅपवर लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग या सर्वांच्या वाटा कोणी ना कोणी काढलेल्या आहेत. तरीही डोंगरांच्या कुशीत आणि खिंडींच्या खाली नेटवर्क जाते, पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि नेटवर्क शोधत राहणारा फोन दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. म्हणून गटात किमान एक कागदी नकाशा, तोही प्लास्टिकच्या पिशवीत, असावा असा आमचा आग्रह आहे.

दुसऱ्या कोणी चालताना मोबाइलवर नोंदवून ठेवलेला ट्रॅक उतरवून त्यावरून चालले तर काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती आम्हाला स्वतःच्या अनुभवातून कळली आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही पाच जण या परिसरातील एका धारेवर अशाच एका ट्रॅकच्या भरवशावर निघालो. ढग खाली उतरले होते आणि दहा पावलांपुढचे दिसत नव्हते. पडद्यावरची रेघ सरळ पुढे जात होती, पायाखालची गवतातली वाटही तशीच जात होती, त्यामुळे कोणाच्या मनात शंका आली नाही. मग गवत अचानक आखूड झाले, खुरांचे ठसे आणि शेण तेवढे उरले आणि खालून पाण्याचा आवाज येऊ लागला. तो आवाज समोरून येत नव्हता, थेट पायांच्या खालून येत होता. आम्ही थांबलो, बसलो आणि कागदी नकाशा उघडला. ज्या दिशेने आम्ही चाललो होतो तिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ट्रॅक काढणाऱ्याचा सिग्नल मध्ये गेला होता आणि अॅपने तुटलेल्या दोन टोकांना घळीवरून सरळ रेघ ओढून जोडले होते. आम्ही पायाखाली मळलेली समजत होतो ती ढोरवाट होती. अर्ध्या तासाने गुरे घेऊन आलेल्या एका मावशींनी आम्हाला मागे नेऊन खिंडीची खरी वाट दाखवली आणि ‘बाळांनो, ढोरं जिथं चरत्यात तिथं माणसांची वाट नसती’ एवढेच बोलल्या.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. उतरवलेला ट्रॅक आधी समोच्च रेषांच्या नकाशावर टाकून पाहतो आणि त्यात लांबच लांब सरळ रेघ आढळली तर तो भाग अविश्वसनीय मानतो, कारण डोंगरात कोणीही माणूस सरळ रेषेत चालत नाही. ट्रॅक कोणत्या महिन्यातला आहे ते पाहतो. पायाखालच्या वाटेकडेही लक्ष ठेवतो. माणसांची वाट दगडांवर झिजलेली, थोडी खोलगट आणि वळणावळणाने चढणारी असते. गुरांच्या वाटा उतारावर एकमेकींना समांतर अनेक असतात, त्या फारशी उंची न घेता आडव्या जातात आणि गवत संपले की संपतात.

समोच्च रेषा कशा वाचाव्यात?

शाळेच्या पुस्तकातली व्याख्या, समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, बरोबरच आहे. पण सह्याद्रीत ती वापरताना इथल्या दगडाची घडण लक्षात घ्यावी लागते. लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांमुळे हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले आहेत. उभा कातळ, मग थोडी सपाटी, ज्याला गावात पदर म्हणतात, मग पुन्हा उभा कातळ अशी त्यांची रचना असते. नकाशावर हे रेषांच्या दाट पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा यांच्या रूपाने दिसते. डोंगराला वळसा घालायचा असेल तर या मोकळ्या जागेतून, म्हणजे पदरावरून जाता येते, आणि वर चढायचे असेल तर दाट पट्टी जिथे तुटते किंवा सैल होते तिथून वाट असण्याची शक्यता अधिक असते.

रेषा डोंगराच्या बाहेरच्या बाजूला बोट काढल्यासारख्या येतात ती सोंड, आणि आतल्या बाजूला चिमटल्यासारख्या जातात ती घळ. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा दोन्हीकडून जवळ येतात ती खिंड. लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड यासाठी आदर्श उदाहरण आहे. मळवलीहून भाजे लेण्यांच्या बाजूने चढत खिंडीत उभे राहावे, नकाशा समोरच्या डोंगराशी जुळवून धरावा आणि एक बोट कागदावर, एक नजर कड्यावर असे पाच मिनिटे करून पाहावे. त्या पाच मिनिटांत जे डोक्यात बसते ते वर्गातल्या दोन तासांत बसत नाही. त्याच ठिकाणाहून लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे पश्चिमेकडे लांबलेली अरुंद माची, नकाशावर आधी शोधावा आणि गडावर पोहोचल्यावर पडताळावा.

येथे एक धोका असा की, वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या रेषांमध्ये पंधरा मीटरांचा उभा कडा पूर्ण लपू शकतो. मोबाइल अॅपमधल्या रेषांत तर तो अधिकच लपतो. त्यांतल्या बऱ्याच रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार-मोजणीवरून यंत्राने काढलेल्या आहेत आणि ती मोजणी सुमारे तीस मीटरांच्या चौकोनांत सरासरी काढते. त्यामुळे ताशीव कडा अॅपवर तीव्र उतारासारखा गुळगुळीत दिसतो. ‘नकाशावर उतार दिसतोय, उतरून जाऊ’ हे वाक्य गटात कोणी उच्चारले तर थांबावे.

चालायला किती वेळ लागेल हे नकाशावरून कसे काढावे?

शिवणाचा दोरा वाटेच्या वळणांवरून ठेवत न्यावा, मग तो पट्टीवर सरळ करावा आणि सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या हिशोबाने अंतर काढावे. पुढचे गणित स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या नियमाने करता येते. ताशी पाच किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास अधिक, असा तो नियम आहे. चार किलोमीटर अंतर आणि चारशे मीटर चढ असेल, तर अंतराची ४८ मिनिटे आणि चढाची ४० मिनिटे मिळून दीड तासाला दोन मिनिटे कमी होतात. हा नियम थंड हवेतल्या सवयीच्या माणसाचा आहे. मार्च ते मे या काळात, किंवा गटात लहान मुले आणि ज्येष्ठ असतील तेव्हा, आम्ही आलेल्या वेळेची दीडपट धरतो आणि थांबे वेगळे मोजतो. तिकोन्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उंच पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी उतरणाऱ्यांची रांग लागते, तिचा हिशोब मात्र कोणत्याही नियमात बसत नाही.

गडावरच्या फलकावरची उंची आणि मोबाइलवरची उंची जुळत नाही, कोणती खरी?

फलकावरची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. काही अॅप्स उपग्रहाकडून मिळालेली कच्ची उंची दाखवतात आणि ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. आपल्या भागात या दोन आधारांत साठ-सत्तर मीटरांचे अंतर असल्याने मोबाइल तेवढी कमी उंची दाखवू शकतो. अॅपमध्ये दुरुस्तीचा पर्याय असल्यास तो चालू करावा.

होकायंत्राला इथे दुरुस्ती करावी लागते का?

पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे चालणाऱ्यांनी तो सोडून दिला तरी चालतो. सुई मोबाइलपासून आणि लोखंडी काठीपासून दूर धरावी.

तलावाला पूर्ण प्रदक्षिणा घालणारी पायवाट आहे का?

पाण्याच्या काठाने अखंड जाणारी पायवाट नाही. सायकलस्वार रस्त्याने मोठा वळसा घालतात. पवनानगरहून दुधिवरे खिंडीकडे चढणारा रस्ता आणि दक्षिणेकडून तिकोना पेठ, तुंगवाडी या बाजूने घुसळखांबकडे जाणारा रस्ता यांना जोडून ती फेरी होते, आणि तिच्यात चढ बरेच आहेत. पायी जाणाऱ्यांनी एका किल्ल्याची निवड करून तेवढाच भाग नीट पाहावा असे आम्ही सुचवतो. काठाची बरीच जमीन खासगी आहे, तिच्यावर बंगले आणि कुंपणे आहेत, आणि दर वर्षी त्यांत भर पडते. दोन वर्षांपूर्वीच्या नकाशावर मोकळी दिसणारी वाट आज फाटकाशी थांबू शकते. अशा वेळी कुंपण ओलांडू नये. जवळच्या वाडीत विचारले तर बहुतेकदा दुसरी वाट सांगितली जाते.

तंबूची जागा, पोहणे आणि नौकाविहार यांच्या खुणांवर विश्वास ठेवावा का?

तंबूच्या ज्या खुणा ऑनलाइन नकाशांवर दिसतात त्या जवळपास सर्व खासगी व्यवसायांच्या जाहिराती आहेत. कोणीही तेथे खूण टाकू शकतो, आणि खूण असणे म्हणजे परवानगी असणे असे होत नाही. जमीन कोणाची, रात्री जबाबदार माणूस कोण, कचरा कुठे जातो, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

पोहण्याविषयी आमचे मत ठाम आहे. जलाशयात उतरू नये. हा तलाव दरी बुडवून तयार झालेला आहे, त्यामुळे काठापासून दोन पावलांवर जुन्या नदीपात्राचा किंवा शेताच्या बांधाचा उतार सुरू होतो आणि तळ एकदम सुटतो. पोहता येणारी तरुण मुले येथे बुडाली आहेत. नकाशावर तलावाचा पृष्ठभाग एकसारखा निळा असतो आणि खोलीबद्दल तो काहीही सांगत नाही. जुन्या पत्रकावरच्या समोच्च रेषा तलावाखाली सरकवून पाहिल्या की काठाजवळचे उतार किती उभे आहेत ते दिसते, आणि हा नकाशा आम्ही पालकांना नेहमी दाखवतो.

पावसाळ्यात नकाशा वापरताना काय वेगळे करावे?

कोरड्या ओढ्याची प्रत्येक काळी रेघ त्या दिवसांत वाहता अडथळा समजावी आणि आपली वाट किती ठिकाणी ओढा ओलांडते ते निघण्यापूर्वी मोजावे. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी डोंगरमाथ्यावर तासभर पाऊस झाला तर परतताना कमरेएवढे होऊ शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक पाणी वाढून एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते ठिकाण येथून डोंगराच्या पलीकडेच आहे आणि पाणलोटाची घडण तीच आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला नकाशावर किती मोठा डोंगरउतार त्यात उतरतो, हे पाहण्याची सवय लावावी. पंख्यासारखा पसरलेला हा उतार जितका रुंद, तितके पाणी लवकर वाढते.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणी जाण्यावर बंदीचे आदेश काढते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते पाहावेत. आपली वाट नकाशावर कितीही सोपी दिसत असली तरी आदेश पाळावा.

एकाच जागेची वेगवेगळी नावे का आढळतात?

तिकोन्याला वितंडगड आणि तुंगला कठीणगड असे म्हणतात, ही नावे कागदपत्रांतली आहेत. पायथ्याच्या गावात तिकोना आणि तुंग हेच चालते. पवनानगरला जुनी माणसे अजून काले कॉलनी म्हणतात, आणि एसटीची चौकशी करताना ते नाव उपयोगी पडते. इंग्रजी लिपीतून पुन्हा मराठीत आलेल्या नकाशांत मात्र खरी हानी होते. ळ चा ल होतो, ण चा न होतो, आणि वाडीचे मूळ नाव ओळखू येईनासे होते. डोंगरावरच्या लहान जागांची, म्हणजे टेपाडांची, घळींची, पाणवठ्यांची नावे तर बहुतेक नकाशांत नसतातच. ती गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. वर्गातल्या प्रत्येकाला आम्ही सांगतो की, गावात नाव विचारा, दोघांना स्वतंत्रपणे विचारा, उच्चार जसा ऐकला तसा देवनागरीत लिहा आणि सांगणाऱ्यांना वाचून दाखवा.

नकाशात चूक आढळली तर काय करावे?

ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून ती स्वतः दुरुस्त करता येते. आपण चालून नोंदवलेला ट्रॅक आणि स्वतः विचारलेली नावे यांवरूनच दुरुस्ती करावी. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पाहून काही उतरवू नये, तसे करणे नियमबाह्य आहे. मोडलेली वाट पुसून टाकण्यापेक्षा ती वापरात नसल्याची नोंद करावी. आणि लोहगड ११ जुलै २०२५ पर्यंत फक्त आपल्या ओळखीचा होता, त्या दिवशी तो मराठा लष्करी भूदृश्यांच्या गटातून जागतिक वारसा यादीत गेला. तिथे येणारा बाहेरगावचा माणूस याच नकाशावर विसंबणार आहे, हे ध्यानात ठेवून प्रत्येक रेघ काढावी.

मुलांना नकाशा वाचायला कुठून सुरुवात करावी?

वेताळ टेकडीपासून. शहरातच आहे, वाटा भरपूर आहेत, चुकले तरी वस्ती दिसते. मुलाच्या हातात नकाशा द्यावा आणि मोठ्यांनी मागून, न सुचवता चालावे.

अडचणीत सापडल्यास आपले ठिकाण कसे कळवावे?

११२ या क्रमांकावर फोन करावा. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र ही संस्था या डोंगरांत बचावकार्य करते आणि पोलिसांमार्फत तिच्यापर्यंत निरोप पोहोचतो. ठिकाण सांगताना आधी नकाशावरचे नाव, मग त्याच्यापासूनची दिशा आणि अंतर, आणि शेवटी अक्षांश-रेखांश असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, ‘तिकोना किल्ला, माथ्याच्या खाली पायऱ्यांजवळ, एकाचा पाय मोडला आहे, आम्ही सहा जण आहोत’ असे म्हणून मग आकडे सांगावेत. आकडे दशांशात आहेत की अंश-मिनिटांत, हे शब्दांत सांगावे. तिकोन्याचा अक्षांश दशांशात सुमारे १८.६३ आहे आणि अंश-मिनिटांत १८ अंश ३८ मिनिटे. या दोन लेखनपद्धतींची गल्लत झाली, म्हणजे १८.४५ अंश सांगितलेले कोणी १८ अंश ४५ मिनिटे असे लिहून घेतले, तर शोधपथक तेहतीस किलोमीटर दूर जाईल. फोन ठेवण्यापूर्वी समोरच्या माणसाला आकडे परत वाचून दाखवायला सांगावे आणि त्यानंतर जागा सोडू नये.